नऊ रात्री, दहा दिवस

पीडीएफ चौदा पानांची आहे. पहिल्या पानावर छत्रीसारखं पसरलेलं बाभळीचं झाड आणि त्यामागे केशरी सूर्य. शेवटच्या पानावर दोन नारळाच्या झाडांमध्ये बांधलेली झोळी, निळं पाणी, रिकामी वाळू. मधल्या बारा पानांत टांझानिया. दिवस एक ते सहा सफारी: अरुशा, तारांगिरे, सेरेंगेटी, न्गोरोंगोरो. दिवस सात ते दहा झांझिबार. या धंद्यात याला 'बुश अँड बीच' म्हणतात. आधी जंगलातली धूळ, मग समुद्रावर ती धुऊन काढायची.

आई गेल्या वर्षी निवृत्त झाली. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, आणि तेवढीच वर्षं रात्री जेवण झालं की टीव्हीवर प्राण्यांचे कार्यक्रम बघितले. फेब्रुवारीत सेरेंगेटीच्या दक्षिणेला विल्डबीस्टची पिल्लं जन्मतात, दोन-तीन आठवड्यांत लाखोंनी, हे तिला माझ्या आधीपासून माहीत होतं. म्हणून फेब्रुवारी ठरला. मी तीन कंपन्यांकडून कोटेशन मागवलं, एक्सेल उघडलं आणि त्यातल्या त्यात बरी वाटलेली पीडीएफ तिला पाठवली. ती तिनं पेपर तपासावेत तशी वाचली, दोन बोटांनी फोटो मोठे करत, पान न गाळता. मग विचारलं, "अगं, या देशात माणसं नाहीत का?"

मी म्हटलं, आहेत की. शोधून दाखवली. पान सहावर उडी मारणारा एक मसाई आहे. मागे सूर्य असल्यामुळे त्याचा चेहरा काळा आहे. पान नऊवर एक हात आहे, त्यात ताट आहे. पान बारावर दोन हात आहेत, ते एका गोऱ्या पाठीला तेल लावतायत. चौदा पानांत साडेसहा कोटींचा देश एवढाच.

तेव्हापासून मी ही पीडीएफ पुस्तक वाचावं तशी वाचते आहे. तिच्या जोडीला एक जुना जर्मन चित्रपट पाहिला आणि अब्दुलरझाक गुर्नाच्या दोन कादंबऱ्या वाचल्या. बुकिंगची शेवटची तारीख जवळ येत होती, त्यामुळे हे सगळं रात्री अकरानंतर झालं.

सुरुवात 'सफारी' या शब्दापासून करू. तो आपल्या इतका जवळचा आहे की आपण तो ऐकतच नाही. अरबी 'सफर' मराठीत आला तो तसाच राहिला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला आणि स्वाहिलीत 'सफारी' झाला. अर्थ एकच, प्रवास. कुणी मामाच्या गावाला बसनं निघालं तरी स्वाहिलीत ती सफारीच, आणि निरोप देणारे म्हणतात 'सफारी न्जेमा', सुखाचा प्रवास. एकोणिसाव्या शतकात बागामोयोसारख्या बंदरांतून शेकडो हमाल डोक्यावर कापड, मणी, तारा घेऊन आत जायचे आणि हस्तिदंत घेऊन, माणसं घेऊन परत यायचे, त्या काफिल्यांनाही हाच शब्द. तिथून युरोपियन शिकाऱ्यांनी तो उचलला. १९०९ मध्ये थिओडोर रूझवेल्ट त्या बाजूला शिकारीला गेला, १९३३च्या अखेरीस हेमिंग्वे टांगानिकात गेला, आणि शब्द इंग्रजीत कायमचा बंदूकवाला झाला. बंदुकीच्या जागी कॅमेरा नंतर आला, पण व्याकरण तेच राहिलं. (आपल्याकडे तो अर्धबाह्यांच्या सुटातून आला आणि तालुक्याच्या साहेबाच्या अंगावर बसला. तो वेगळा लेख.)

व्याकरण तेच राहिलं म्हणजे काय? पीडीएफमध्ये पाच वेळा 'बिग फाइव्ह' येतं: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा. आईनं विचारलं, जिराफ का नाही? तो तर सगळ्यांत मोठा. कारण ही यादी आकाराची नाहीच. पायी शिकार करताना सगळ्यांत धोकादायक कोण, याची ती शिकाऱ्यांनी केलेली यादी आहे. म्हणून तर रेडा आत आणि जिराफ बाहेर. जीपमधून फिरण्याला 'गेम ड्राइव्ह' म्हणतात, त्यातलं 'गेम' म्हणजेही शिकारीचं जनावर. निवृत्त शिक्षिकेच्या हातात आपण शिकाऱ्याचं तपासणीपत्रक देतो आणि सांगतो, एकेकावर खूण करत जा.

आता वाक्यं बघू. पीडीएफमधल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याचा कर्ता 'तुम्ही' आहे. तुम्ही जागे व्हाल, तुम्ही साक्षीदार व्हाल, तुम्ही विसावाल. उरलेली वाक्यं प्राण्यांची: सिंह दबा धरतो, चित्ता झेपावतो, हत्तीण पिल्लाला सावरते. प्राण्यांना क्रियापदं आहेत, इतकंच काय, मनही आहे. सहा दिवस सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत जो माणूस आमच्याबरोबर असणार, गाडी चालवणार, रस्ता ठरवणार, पक्ष्यांची नावं सांगणार, त्याला अख्ख्या मजकुरात एकही क्रियापद नाही. तो शेवटच्या पानावर, 'काय समाविष्ट आहे'च्या यादीत सापडतो, पाण्याच्या बाटल्या आणि गाडीतलं वाय-फाय यांच्या मध्ये: 'इंग्रजी बोलणारा ड्रायव्हर-गाइड'. आणि पुन्हा एकदा 'काय समाविष्ट नाही'च्या यादीत, त्याची टिप म्हणून.

केनियन लेखक बिन्यावांगा वाइनाइनानं २००५ साली 'ग्रँटा'मध्ये लिहिलेल्या एका छोट्या उपरोधिक निबंधात नेमकं हेच पकडलं होतं. आफ्रिकेवर कसं लिहावं याचे सल्ले तो अगदी सरळ चेहऱ्यानं देतो, आणि त्यातला एक असा की प्राण्यांना भरदार, गुंतागुंतीची पात्रं म्हणून रंगवा आणि माणसांना नको. तो निबंध आता इतका प्रसिद्ध आहे की टूर कंपन्यांची माणसंही तो शेअर करतात. त्यानं त्यांच्या पीडीएफमध्ये काही फरक पडलेला नाही. उपरोधाची ही अडचण असते. ज्याला तो लागायला हवा तोही इतरांबरोबर हसतो. वाइनाइना प्रतिमा दाखवतो. ती प्रतिमा जमिनीवर कशी उतरवली गेली, कुणाला हलवून, हे त्या दोन-तीन पानांत मावत नाही. त्यासाठी दुसरीकडे बघावं लागतं.

म्हणून मी 'सेरेंगेटी शाल नॉट डाय' पाहिला. १९५९चा चित्रपट. फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयाचा संचालक बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्याचा मुलगा मिखाएल यांनी झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेलं छोटं विमान सेरेंगेटीवरून उडवत जनावरं मोजली. मोजणीचा हेतू पक्का होता. उद्यानाच्या सीमा नव्यानं आखायचं चाललं होतं आणि कळप त्या सीमांबाहेर जातात हे त्यांना दाखवायचं होतं. चित्रीकरण संपता संपता, जानेवारी १९५९ मध्ये, विमानाला गिधाड धडकलं आणि मिखाएल मेला. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. न्गोरोंगोरोच्या विवराच्या काठावर त्याला पुरलं, आणि १९८७ साली बाप गेला तेव्हा त्यालाही तिथेच, मुलाशेजारी. चित्रपटाला माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. आमच्या पीडीएफच्या पाचव्या दिवशी ही समाधी आहे, 'फोटो स्टॉप, दहा मिनिटं'.

चित्रपट चांगला आहे, हे आधी सांगायला हवं. इतका चांगला की त्याच्यावर चिडायला वेळ लागतो. आजच्या वन्यजीवपटांची चकचकीत हाव त्यात नाही. एक जनावर दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून बापलेक काय काय करतात, हे बघताना मला माझे सहकारी आठवले, रात्री दोन वाजता लॉग वाचणारे. प्रेम खरं आहे, कष्ट खरे आहेत, मृत्यू तर खराच आहे. आणि या सगळ्या खरेपणाच्या जोरावर चित्रपट एक गोष्ट मनात उतरवतो, की ही भूमी आदिम आहे, रिकामी आहे आणि तशीच राहिली पाहिजे. ग्झिमेकचं मतही हेच होतं: राष्ट्रीय उद्यानात माणूस नको, मग तो तिथलाच का असेना. मसाई त्याला गुरं घेऊन येणारी अडचण वाटतात. १९५८ साली मसाई वडीलधाऱ्यांकडून करार करून घेण्यात आला आणि पुढच्या वर्षी सेरेंगेटीतून मसाई उठले. त्यांच्यासाठी पूर्वेला न्गोरोंगोरोचं वेगळं क्षेत्र केलं, जिथे माणसं, गुरं आणि जंगली जनावरं एकत्र राहतील असं ठरलं. पुढे विवरातली वस्ती उठली. शेतीवर बंदी आली, उठली, पुन्हा आली. २०२२पासून न्गोरोंगोरोतल्या मसाईंना शेकडो किलोमीटर दूर, हांदेनीजवळच्या म्सोमेरा गावी हलवणं सुरू आहे. सरकार म्हणतं स्वेच्छेनं. मसाई संघटना म्हणतात शाळा, दवाखाने यांचा पैसा आटवला की स्वेच्छा आपोआप तयार होते. त्याच वर्षी जूनमध्ये शेजारच्या लोलिओंडोत १५०० चौरस किलोमीटरवर सीमेचे खांब रोवताना पोलीस आणि मसाई यांच्यात संघर्ष झाला. एक पोलीस मेला, कित्येक मसाई गोळ्यांनी जखमी झाले, बरेच सीमा ओलांडून केनियात गेले.

आम्ही जिथे पिल्लं बघायला जाणार ते न्डुटू याच न्गोरोंगोरो क्षेत्रात येतं.

पण मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ केलं ते बुळकांडीनं. ग्झिमेक बापलेकांच्या मोजणीत विल्डबीस्ट एक लाखाच्या आसपास होते. आज आपण 'ग्रेट मायग्रेशन' म्हणून जे बघायला जातो त्यात ते तेरा लाखांच्या वर आहेत. एवढे कुठून आले? सोपं उत्तर असं की माणसं उठवली, म्हणून जनावरं वाढली. खरं उत्तर वेगळं आहे. मोजणीची पद्धत सुधारली हा त्यातला एक भाग. मोठा भाग बुळकांडीचा. १८९०च्या सुमारास हा गुरांचा रोग पूर्व आफ्रिकेत आला, त्यानं मसाईंची बहुतेक गुरं मारली, मागोमाग दुष्काळ आणि देवी आली. गोऱ्या प्रवाशांनी पाहिलेली आणि 'आदिम' म्हणून लिहून ठेवलेली रिकामी कुरणं ही त्या साथीनंतरची कुरणं होती. रोग विल्डबीस्टमध्येही शिरला आणि पिढ्यान् पिढ्या वासरं मारत राहिला. मग एकोणीसशे पन्नासच्या दशकात उद्यानाभोवतालच्या पाळीव गुरांना लस टोचायला सुरुवात झाली. साठीच्या सुरुवातीला रोग जंगली कळपांतूनही नाहीसा झाला आणि १९७७पर्यंत विल्डबीस्ट तेरा लाखांवर पोचले. म्हणजे जगातल्या या सगळ्यांत मोठ्या 'नैसर्गिक' देखाव्यामागे गुराखी आहेत, त्यांच्या गाई आहेत आणि सिरिंज घेऊन दारोदार फिरलेले गुरांचे डॉक्टर आहेत. चित्रपट ज्यांना चौकटीबाहेर ठेवतो त्यांच्यावाचून चौकटीतला कळप उभाच राहत नाही.

हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग हे लिहीत का नाहीत? हे तर जास्त भारी आहे." तिच्या शाळेच्या गावातही बुळकांडीची लस आलेली म्हाताऱ्या माणसांना आठवायची.

(ताडोब्याची जिप्सी आपण सगळ्यांनी केलेली आहे आणि मेळघाटातली कोरकू गावं कशी उठली हेही उडत उडत ऐकलेलं आहे. तेव्हा टांझानियावर बोट ठेवून फार वेळ उभं राहता येत नाही. एक मात्र आहे: व्यंकटेश माडगूळकरांच्या 'नागझिरा'सारखं पुस्तक आपल्याकडे आहे. एकाच जंगलात मुक्काम टाकून, पायी फिरून, समोर येईल ते बघायचं. तपासणीपत्रक नाही. पीडीएफ वाचून थकले की मी ते मधूनच कुठेतरी उघडते.)

आता गुर्ना. अब्दुलरझाक गुर्ना १९४८ साली झांझिबारमध्ये जन्मला, १९६४च्या क्रांतीनंतरच्या भीतीच्या वर्षांत तिथून निसटला, इंग्लंडमध्ये राहिला, शिकवलं, लिहिलं. २०२१ साली नोबेल मिळालं तेव्हा माझ्यासारख्या अनेकांनी त्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं. १९९४च्या त्याच्या कादंबरीचं नाव 'पॅरडाइज'. आमच्या पीडीएफमध्ये हा शब्द सात वेळा आहे, म्हणून मी ती आधी उचलली. थोडी खोडसाळपणानंच.

काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, जर्मन आत शिरतायत तेव्हाचा. युसूफ बारा वर्षांचा आहे. बाप एका आडगावी हॉटेल चालवतो. अझीझ नावाचा श्रीमंत व्यापारी, ज्याला युसूफ काका म्हणतो, येताजाता मुक्कामाला येतो आणि जाताना पोराच्या हातावर दहा आण्यांचं नाणं ठेवतो. (आणे! हिंदी महासागराच्या त्या काठावर आपले आणे चालत होते. झांझिबारचा रुपया तर १९३६पर्यंत टिकला.) एक दिवस काका जाताना पोरालाच घेऊन जातो. पुढे कळतं की तो काका नाही. बापाचं कर्ज थकलं होतं आणि युसूफ गहाण आहे. स्वाहिली शब्द 'रेहानी'; हिंदीतल्या 'रेहन'चा सख्खा भाऊ. अझीझच्या घरामागे भिंत घातलेली बाग आहे, पाण्याचे पाट, डाळिंबं, संत्री. पॅरडाइज ती. युसूफ तिथे झाडांची निगा राखायला लागतो आणि आपल्याला हळूहळू दिसायला लागतं की ज्यांच्या घामावर ती हिरवी आहे त्यांतलं कुणीही मोकळं नाही.

मग येते सफारी. खरी, मूळ अर्थाची. अझीझचा काफिला माल घेऊन आत जातो. मला ही शंभरेक पानं सगळ्यांत जास्त आवडली, आणि ती वाचताना पीडीएफ समोर ठेवावी लागली, कारण रस्ता तोच वाटत होता: किनारा, डोंगर, तळं, आतला प्रदेश. फक्त इथे प्रत्येक मुक्कामाचा हिशेब आहे. नदी ओलांडायला कोणाला काय द्यायचं, वाट देण्याबद्दल सरदार किती कापड मागतो, कोण हमाल तापानं पडला. गुर्ना वर्णनाच्या प्रेमात पडत नाही. एखादा धबधबा येतो, दोन वाक्यं घेतो आणि जातो. त्या धबधब्याशी कोणाला किती वाट बघावी लागली ते मात्र आपल्याला कळतं. शेवटी चातू नावाचा राजा काफिल्याला लुटतो. त्याचं म्हणणं, आधी येऊन गेलेल्या एका व्यापाऱ्यानं मला फसवलं होतं, ते मी तुमच्याकडून वसूल करतो. इतक्यात एक जर्मन अधिकारी येतो आणि दोघांचा निवाडा करून टाकतो. त्या प्रसंगी वाचक म्हणून आपल्याला हायसं वाटतं, आणि ते वाटल्याची लगेच लाजही वाटते. हायसं वाटणं म्हणजे साम्राज्याच्या बाजूला जाऊन उभं राहणं असतं, हे गुर्ना कुठेही बोलत नाही. तो पुढचं पान उलटू देतो.

भारतीय माणूसही इथे आहे. कालासिंगा हा शीख मेकॅनिक आहे, बडबड्या, आणि त्याला कुराणाचा स्वाहिलीत अनुवाद करायचा आहे. तो मजेशीर आहे. त्याच्यामागे दिसणारी गोष्ट कमी मजेशीर आहे: हे काफिले ज्या भांडवलावर चालत त्यातलं बरंच भारतीय सावकारांचं होतं. एकोणिसाव्या शतकात झांझिबारच्या बंदराच्या जकातीचा मक्ता दीर्घकाळ जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. हस्तिदंत, लवंग आणि गुलाम, तिन्ही व्यापार उधारीवर चालत. आणि १८६०च्या सुमारास ब्रिटिश कॉन्सल रिग्बीनं खुद्द भारतीयांकडचे हजारो गुलाम मुक्त केले. आम्ही त्या किनाऱ्यावर पहिल्यांदाच चाललोय अशी माझी समजूत होती. आमचे शेजारी तिथे वह्या घेऊन कधीच बसलेले होते.

'पॅरडाइज'वर माझी एक तक्रार आहे, आणि ती या सहलीमुळेच सुचली. कादंबरी किनाऱ्याच्या लोकांबरोबर आत जाते आणि त्यांच्याच डोळ्यांनी आतल्या माणसांकडे बघते. 'रानटी' हा शब्द पात्रांच्या तोंडी सतत आहे. त्यांचा अहंकार गुर्ना उघडा पाडतो, हे खरं. पण आतल्या माणसाच्या घरात आपण कधीच बसत नाही. चातूसुद्धा आपल्याला दुभाष्यामार्फत ऐकू येतो. किनाऱ्याचा लेखक आहे, त्यानं किनाऱ्याचंच लिहावं, हा बचाव मला मान्य आहे. तरी लक्षात येतं की मसाईला पीडीएफमध्ये फक्त उडी मिळाली आणि नोबेलवाल्या कादंबरीतही फारसं बोलायला मिळालं नाही. आणखी एक गोष्ट. या कादंबरीचा स्वाहिली अनुवाद, 'पेपोनी', आला २०२२ साली. म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी, नोबेलनंतर. तोवर हे पुस्तक ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्यातल्या बहुतेकांपेक्षा पुण्यातल्या इंग्रजी वाचणाऱ्या मुलीला ते जास्त सहज मिळत होतं.

दुसरी कादंबरी 'बाय द सी', २००१ची. पासष्टीचा सालेह ओमर खोट्या नावाच्या पासपोर्टवर गॅटविकला उतरतो आणि आश्रय मागतो. सामानात महोगनीची एक छोटी पेटी, त्यात उद. तो उद इमिग्रेशनचा अधिकारी काढून घेतो, अगदी सभ्यपणे बोलत. ओमरचं एके काळी झांझिबारमध्ये फर्निचरचं दुकान होतं. जुन्या सुंदर वस्तू युरोपियन गिऱ्हाइकांना विकायचा. पर्यटकाला काय हवं असतं हे या माणसाला नीट माहीत आहे, आणि म्हणून त्याच्या तोंडून बेटाची गोष्ट ऐकणं हा आमच्या 'दिवस सात: स्टोन टाऊन, अर्धा दिवस'वर चांगला उतारा आहे. उत्तरार्धात मात्र घराच्या कज्जाच्या, कर्जाच्या आणि दोन कुटुंबांच्या गाठी इतक्या घट्ट बसतात की योगायोग फार होतात. मला दोनदा कागदावर वंशावळ काढावी लागली. तरीही पुस्तक संपल्यावर लक्षात राहतं ते विमानतळावरचं, हातातून गेलेल्या वासाचं दृश्य.

आमच्या अर्ध्या दिवसात काय आहे? मसाल्याची बाग, गुलामांच्या जुन्या बाजाराच्या जागी उभं असलेलं चर्च (बाजार १८७३ साली बंद झाला), कोरीव दरवाजे, फ्रेडी मर्क्युरीचं घर. बलसाडकडून गेलेल्या पारशी कुटुंबातला फारुख बलसारा इथे जन्मला आणि शिकायला आपल्या पाचगणीला आला. आई त्याला ओळखत नाही, पण पाचगणी म्हटल्यावर तिला तो एकदम नात्यातला वाटला. काय नाही? १२ जानेवारी १९६४. सुलतानाची सत्ता उलथली, हजारो अरब आणि भारतीय मारले गेले किंवा पळाले, आणि एप्रिलमध्ये टांगानिकाशी जोडणी होऊन टांझानिया नावाचा देश झाला. ज्या देशाची ही पीडीएफ आहे तो कसा झाला, हे तिच्यात नाही. दरवाजे आहेत, दरवाजे उघडे टाकून निघून गेलेली माणसं नाहीत.

समुद्राचंही तेच. झोळीच्या फोटोतला किनारा पूर्वेचा, पाजेकडचा. तिथे ओहोटीला पाणी खूप लांब, शेकडो मीटर मागे जातं. ब्रोशरमध्ये कायम भरतीच असते. पाणी मागे गेलं की उघड्या पडलेल्या तळावर बायका येतात, खुंट्या आणि दोऱ्या लावून 'म्वानी' म्हणजे समुद्रशेवाळ पिकवतात. आपल्या टूथपेस्टमध्ये, आइस्क्रीममध्ये जो घट्टपणा असतो तो अशाच शेवाळातून येतो. हा धंदा १९८९च्या सुमारास सुरू झाला आणि तिथल्या बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला. आता पाणी तापतंय, चांगल्या भावाची जात उथळ पाण्यात मरते, आणि खोल पाण्यात जायचं तर पोहता यायला हवं. एका टूर साइटवर पर्यटकाचा अभिप्राय वाचला: बीच सुंदर, पण सकाळी पाणी नव्हतं आणि बायका मधे मधे येत होत्या.

एवढं सगळं वाचून झाल्यावर आई म्हणाली, "तू सुट्टी ठरवतेयस की खटला चालवतेयस?" प्रश्न बरोबर होता. न जाण्याचा पर्याय मी मनात घोळवून पाहिला होता. तो फार स्वच्छ होता आणि त्यात माझं काहीच जात नव्हतं. जाणार होतं ते आईचं. शिवाय सेरेंगेटीत माणशी रोजची सत्तर-ऐंशी डॉलर फी, विवरात गाडी उतरवायचे जवळजवळ तीनशे डॉलर, हा पैसा त्या देशाला हवा आहे. तो न्गोरोंगोरोतल्या कुणापर्यंत पोचतो, याचं उत्तर पीडीएफमध्ये नव्हतं.

मग एक्सेल पुन्हा उघडलं. तारांगिरे काढलं. रोज तंबू बदलायचा नाही, न्डुटूत एकाच जागी तीन रात्री. उडीवाली 'सांस्कृतिक भेट' काढली. स्टोन टाऊनचा अर्धा दिवस ओढून दोन रात्री केल्या. पाजेला दोन रात्री राहू दिल्या, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून. एजंटला लिहिलं की ड्रायव्हर-गाइडचं नाव आधी कळवा, आणि कंपनी त्याला दिवसाचे किती देते तेही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. स्टोन टाऊनमध्ये दोन रात्री बहुतेक पाहुण्यांना जास्त वाटतात, तिथे बीच नाही, तरी तुमची इच्छा. नाव कळवलं. पगाराचं उत्तर नव्हतं. मी पुन्हा विचारलं आहे.

आई स्वाहिली शिकते आहे, मोबाइलवर, दुपारी. तिला सगळ्यांत आवडलं ते असं की निम्मे शब्द तिला आधीच येतात: दुनिया, दवा, चाय, चपाती, रंगी, दुका, किताबू. 'हाबारी' म्हणजे खबर. 'हाकुना मटाटा' पर्यटकांसाठीच जास्त म्हणतात, हेही तिनंच मला सांगितलं. आणि वडीलधाऱ्यांना भेटल्यावर म्हणायचं 'शिकामो', ज्याचा मूळ अर्थ पाय धरते असा सांगतात. विमानतळावर, हॉटेलात, गाडीत तिच्याहून लहान असलेलं कुणीही तिला तसं म्हणू शकेल. त्यावर तिनं काय म्हणायचं ते तिनं पोळ्या लाटताना पाठ केलं. मी स्वयंपाकघरात गेले की मला 'शिकामो' म्हणायला लावते आणि लाटणं हातात धरूनच उत्तर देते, "माराहाबा."